धाकटीच्या पदराखाली

ऑफिसात तिला सगळे सांधेवाली म्हणत. गुडघ्यांशी याचा काही संबंध नाही. गुडघे तिचे ठणठणीत होते. कंपनीचं सॉफ्टवेअर एकच, पण ते चालायला हवं दोन वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, आणि त्या दोघींच्या सवयी एकमेकींच्या उलट. एकीला जे सरळ वाटे ते दुसरीला वाकडं. म्हणून सॉफ्टवेअरच्या पोटात एक पातळसा थर ठेवलेला होता. तो सॉफ्टवेअरच्या बाकी भागांना सांगे, 'तुम्ही फक्त काम सांगा, कुणाशी कसं बोलायचं ते माझ्याकडे लागलं.' त्या थराला ऑफिसात सांधा म्हणत, आणि तो सांभाळणारी ती सांधेवाली.

दोन सिस्टिमींनाही नावं पडली होती, थोरली आणि धाकटी. एकाच घरात पडलेल्या दोन जावा. खिडकीलगतच्या लांब टेबलावर दोघींची मशिनं शेजारी शेजारी मांडलेली असत. थोरली संशयी. प्रत्येक गोष्टीला 'कुणाला विचारून?' म्हणणारी, जरा खुट्ट झालं की घर डोक्यावर घेणारी. धाकटी कमी बोलायची. सांगाल ते निमूट करायची आणि 'झालं' म्हणून मोकळी व्हायची. चार माणसांच्या घरात ज्याने दिवस काढलेत त्याला सांगायला नको, की जपून राहायचं ते दुसरीपासूनच.

ही नावं त्याने ठेवली होती. तो म्हणजे तिचा नवरा, आणि तिच्याआधीचा सांधेवाला. आता तो नव्हता. त्याची खुर्ची, त्याचा कोड आणि त्याचा मान आखडायला लावणारा मॉनिटर, तिन्ही गोष्टी तिच्याकडे आल्या होत्या.

सॉफ्टवेअर म्हटलं तर साधं होतं, म्हटलं तर अंगावर काटा आणणारं. ज्यांचा आवाज आजारपणात जाणार, त्यांनी तो शाबूत असताना मशीनसमोर बसून वाक्यं वाचायची. त्या वाचनातून आवाजाची एक मोठी फाइल तयार होई. पुढे गळा मिटला की माणसाने टाइप करायचं आणि मशीनने त्याच्याच आवाजात बोलायचं. बनवणाऱ्यालाच एक दिवस ते वापरावं लागावं, ही थट्टा कुणी ठरवून केली असती तर त्याला लोकांनी चपलेने मारलं असतं. पण गळ्याचा आजार काही लोकांना विचारून येत नाही. त्याने वाक्यं वाचली, शस्त्रक्रिया झाली, आणि पुढचं दीड वर्ष तो घरात धाकटीच्या तोंडून बोलला. आजार गळ्यात थांबला नाही. तो गेला. मशीन राहिलं.

राहिलं म्हणजे नुसतं राहिलं नाही. शेवटच्या महिन्यांत त्याचं टेबल उजेडासाठी आईच्या खोलीत हलवलं होतं. रोज तेच ते टाइप करायचा कंटाळा, म्हणून त्याने काही वाक्यं वेळेवर लावून ठेवली होती. सकाळी, 'आई, गोळी घेतलीस का?' दुपारी, 'आई, जरा आडवी हो.' आणि संध्याकाळी सहाला, म्हणजे बायको ऑफिसातून घरी पोचायच्या सुमाराला, 'ती आली का?'

तो गेल्यावर हे बंद करायला कुणाचाच हात धजला नाही. सकाळी मशीन विचारी आणि सासूबाई खोलीतून उत्तर देत, "घेतली रे." दुपारी मशीन सांगे आणि त्या खरंच आडव्या होत. भेटायला आलेल्या शेजारणीच्या हातातला कप एकदा ते ऐकून बशीतच कलंडला होता. तेव्हापासून शेजारणी दारातूनच ख्यालीखुशाली विचारत.

राहिली संध्याकाळ. सांधेवाली सहाच्या आधी पोचली तरी वर जात नसे. जिन्याच्या वळणावर, भिंतीला पाठ लावून, पिशवी छातीशी धरून उभी राही. दाराच्या फटीतून तो आवाज यायचा, तोच जरासा नाकातला, शेवटचा शब्द थोडा ओढणारा. "ती आली का?"

आणि सासूबाईंचं उत्तर, "नाही रे अजून. येईल."

मग ती थोडं थांबून कुलूप उघडी. या हिशेबाने पाहिलं तर तो गेल्यापासून त्याच्या लेखी ती एकदाही घरी आलेली नव्हती.

ऑफिसचा साहेब माणूस वाईट नव्हता, पण त्याला कोडमध्ये ओळी जास्त दिसल्या की पोटात दुखे. त्याचं नाव पडलं होतं कात्री. तो कोड वाचत नसे, त्याची लांबी बघे. शिंपी गिऱ्हाइकाचं तोंड न बघता कंबर बघतो, तसं.

"सांध्यात प्रत्येक गोष्ट दोनदोनदा का लिहिलीये?" त्याने वसंतात कधीतरी विचारलं होतं. "एक थोरलीसाठी, एक धाकटीसाठी. दोघींना एकच काय ते सांगता येत नाही?"

"काही ठिकाणी येईल," ती म्हणाली.

"मग जिथे येईल तिथे करा ना, मॅडम. जुनं आहे म्हणून पुजायचं का?"

ते 'जुनं' कुणाचं, हे दोघांनाही ठाऊक होतं. कात्री बोलून गेला आणि मग त्याने चष्मा पुसायला घेतला.

तिने करायला घेतलं. खरं सांगायचं तर कात्रीला वाटलं त्यापेक्षा जास्त उत्साहाने घेतलं. दिवसभर त्याच्या कोडमध्ये बसायचं म्हणजे त्याच्या कपड्यांच्या कपाटात बसण्यासारखं होतं. एकेक दुहेरी जागा काढून टाकताना तिला जरा मोकळा श्वास घेता येई. असं करता करता ती साफसफाईच्या भागाशी आली.

आवाज तयार करताना ढीगभर अर्धेकच्चे नमुने मागे राहतात आणि मशीन भरून जातं. म्हणून दर अपडेटनंतर सॉफ्टवेअर झाडू मारी. वापरात असलेला आवाज तेवढा ठेवायचा, बाकी सगळं फेकायचं. थोरलीकडे हे सोपं होतं. सरळ सगळंच फेकायला सांगायचं. जे वापरात असेल त्याला ती हातच लावू देत नसे. 'कुणीतरी धरलंय, टाकणार नाही' म्हणून ठाम उभी राही. धाकटीसाठी मात्र त्याने वेगळाच घाट घातला होता. आधी प्रत्येक फाइल कुणी धरलीये का ते चौकशी करून बघायचं, धरलेली बाजूला काढायची, आणि मग उरलेलंच फेकायचं. चांगला पानभर कोड. कशासाठी, ते लिहिलेलं नव्हतं. तो कारण कधीच लिहीत नसे. जिवंत असताना यावरून दोघांची रीतसर भांडणं झाली होती. "कारण लिहीत जा रे, मागून येणाऱ्याने काय नवस बोलायचा?" असं ती म्हणे, आणि तो हसून पुढच्या ओळीवर जाई.

तिने ते पान काढलं. धाकटीलाही थोरलीसारखंच सांगितलं, सगळं फेक, टाकायचं नसेल ते तू नाकारशीलच. मग टेबलावरच्या दोन्ही मशिनांवर तपासून पाहिलं. तपासायची ऑफिसची ठरलेली रीत अशी, की साफसफाई करायची आणि मग मशीनला एक वाक्य बोलायला लावायचं. बोललं, म्हणजे आवाज जागेवर आहे. थोरली बोलली. धाकटीही बोलली, स्वच्छ, खणखणीत. कात्रीने पाठ थोपटली. अपडेट घरोघर गेलं.

तिच्या घरीही गेलं. ते आपोआपच जाई.

पहिला फोन आला तो फोनवाल्या मावशींकडे. गिऱ्हाइकांच्या तक्रारी घेणं हे त्यांचं काम. ऑफिसात कुणाचं कुणाशी बिनसलंय हे त्या माणसाने खुर्ची किती जोरात ओढली यावरून सांगत. त्या दिवशी सकाळी त्या उठून थेट सांधेवालीच्या टेबलाशी आल्या. फोनवर हात दाबलेला.

"अगं, जरा ऐकतेस का? एका निवृत्त मास्तरांची बायको आहे. म्हणते, काल मशीन बंद करून चालू केलं आणि नवऱ्याच्या तोंडून दुसराच माणूस बोलायला लागला."

"सेटिंग बदललं असेल."

"तेच मी म्हटलं. तर म्हणते, बाई, सेटिंग मला कळतं, नवऱ्याची सेटिंगं चाळीस वर्षं मीच ठेवलीयेत. आता काय बोलशील?"

तिने फोन घेतला. आवाजाची फाइल सापडली नाही की सॉफ्टवेअर तयार ठेवलेल्या परक्या आवाजात बोलतं, हे तिला माहीत होतं. तिने बाईंना फोल्डर उघडायला लावलं. रिकामं.

"मशीन कोणतं म्हणालात?"

बाईंनी सांगितलं. धाकटी.

"हे मला हाक मारतात," त्या बाई मध्येच म्हणाल्या, आवाज अगदी खाली आणून, नवरा शेजारच्या खोलीत असावा. "रोज मारतात तशीच, तेच नाव घेऊन. पण कुणी परका बाप्या घरात शिरून हाक मारतोय असं वाटतं हो. मी ओ देत नाही. बिचारे पुन्हा पुन्हा टाइप करतात. तरी मी ओ देत नाही. चुकतं का माझं?"

"नाही," सांधेवाली म्हणाली.

फोन ठेवून ती खिडकीशी गेली. टेबलावरची धाकटी महिनाभर बंद झालेली नव्हती. तिने वाक्य टाइप केलं आणि धाकटी बोलली, चाचणीसाठी घेतलेल्या त्या भाड्याच्या आवाजात, अगदी ठणठणीत. मग तिने आवाजाचं फोल्डर उघडलं.

रिकामं होतं.

तिने पुन्हा वाक्य दिलं. धाकटी पुन्हा बोलली. फोल्डर रिकामंच. ऊन चांगलं टेबलावर आलेलं, बाजूला कुणीतरी पेन्सिलीला टोक करत होतं, आणि तिच्या मानेवरचे केस मात्र एकेक करून उभे राहत होते. जो आवाज कुठेही नाही, तो तिच्यासमोर बोलत होता.

मावशी मागे उभ्या होत्याच. "हे काय गं? भूत आहे का आत?"

"भूत नाही." ती सावकाश खाली बसली. आत्ता, इतक्या उशिरा, तिला ते पानभर कोड का होतं ते कळलं. "थोरली काय करते, मावशी? कुणी हातात धरलेली वस्तू टाकू देत नाही. धाकटी नाही म्हणत नाही. टाक म्हटलं की टाकते. नाव पुसते, जागा पुसते, 'झालं' म्हणते. पण जो धरून बसलाय त्याच्या हातातून काढून घेत नाही. गुपचूप पदराखाली ठेवते. सॉफ्टवेअर चालू आहे तोवर ती फाइल त्याच्या हातात आहे. बाकी जगाला ती दिसतच नाही."

"आणि मशीन बंद केलं की?"

"हात सुटला. मग नाही कुठेच."

मावशींनी पदर सावरावा तसा हातातला फोन सावरला. "मग अजून ज्यांनी बंद केलेलं नाही..."

"ते बोलतायत. त्यांना वाटतंय सगळं ठीक आहे." तपासणीतही तेच झालं होतं. बोललं म्हणजे आहे, असं आपण धरून चाललो. थोरली बोलली कारण तिने टाकलं नव्हतं. धाकटी बोलली कारण तिने टाकूनही सोडलं नव्हतं. एकच उत्तर दोघींकडून आलं आणि तिने ते एकच समजलं.

कंपनीकडे कुणाच्याच आवाजाची प्रत नव्हती. 'ज्याचा आवाज त्याच्याच घरी' ही जाहिरात कात्रीनेच मोठ्या अभिमानाने केली होती. कात्रीला बोलावलं. त्याने सगळं ऐकलं, दोनदा चष्मा पुसला, आणि पहिल्यांदाच त्याने लांबी न विचारता कामाचं विचारलं, "काढता येईल बाहेर?"

"येईल. धरलेल्या हाताच्या वाटेने आत जाऊन प्रत घ्यायची. धाकटी त्याला नाही म्हणत नाही. पण हे नवं अपडेट म्हणून पाठवता येणार नाही."

"का?"

"अपडेट आलं की सॉफ्टवेअर बंद होऊन पुन्हा सुरू होतं. औषध द्यायला गेलो की रोगी दगावणार. प्रत्येकाला फोन करून, हाताने चालवायला लावायचं."

दुपारच्या जेवणापर्यंत तिने प्रत काढायचा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि टेबलावरच्या धाकटीवर चालवून पाहिला. नाव नसलेली फाइल नाव घेऊन बाहेर आली. मग सगळं ऑफिस फोनला लागलं. 'हॅलो, मशीन बंद करू नका' हे वाक्य चहूबाजूंनी ऐकू येत होतं. कात्रीसुद्धा एका आजोबांना 'बटणाला हात लावू नका, आजोबा, देवाशपथ लावू नका' असं कळवळून सांगत होता. मास्तरांच्या घरी करायचा फोन मावशींनी स्वतःकडे घेतला. तिथे सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

आपल्या घराचा विचार तिला सकाळीच, धाकटीसमोर बसली तेव्हाच आला होता. पण काही विचार दारात येऊन उभे राहतात आणि आपण आतून कडी लावून बसतो. आज घरी वायरमन यायचा होता. मीटरजवळचा बोर्ड जळका झालेला, तो बदलायचा होता. दुपारनंतर वीज बंद राहणार, हे काल सासूबाईंनीच जेवताना सांगितलं होतं. "फ्रिजमधलं दूध आधीच तापवून ठेवीन," असंही म्हणाल्या होत्या.

मावशींनी दोन फोनच्या मधल्या वेळात मान वळवली. "तुझ्या घरी कोणतं गं?"

"थोरली," ती म्हणाली.

इतकं पटकन आलं की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. मावशींनी एक क्षण तिच्याकडे पाहिलं. तिच्या नवऱ्याने धाकटीचं मशीन घरी आणल्याचे पेढे त्यांनी स्वतः खाल्ले होते. पण त्या पुढचा नंबर फिरवू लागल्या.

तिने मनातल्या मनात गणित मांडून पाहिलं. काही करायचंच नव्हतं. नुसतं बसून राहायचं. वायरमन बटण खाली करील, संध्याकाळी वीज येईल, मशीन सुरू होईल आणि सहा वाजता कुणी परका विचारील. सासूबाई दचकतील. रडतील. मग ते मशीन त्या स्वतःच बंद करायला सांगतील. कुणी तिला बोल लावणार नाही. इतक्या घरांत झालं तसं आपल्याकडेही झालं, म्हणायचं. आणि उद्यापासून जिन्याच्या वळणावर उभं राहायला नको. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते आयतं चालून आलं होतं, आणि तेही तिच्याच हातून, त्याचंच पान काढून.

समोरच्या टेबलावरून मावशींचा आवाज आला. त्या मास्तरांच्या बायकोशी बोलत होत्या. "नाही हो, परत नाही येणार. हो. हो, कळतं मला. तरी म्हणते, ओ देऊन बघा. आवाज परका असला तरी हाक त्यांचीच आहे ना?"

सांधेवाली उठली. प्रोग्रॅम घेतलेला पेन ड्राइव्ह मुठीत धरला, पिशवी तशीच टाकून निघाली. दाराशी मावशींनी फोनवर हात ठेवला आणि नुसतं म्हणाल्या, "रिक्षा कर."

घराचं दार उघडं होतं. जिन्यावर वायरमन हत्यारांची पेटी उघडून बसलेला, तोंड आंबलेलं.

"तुम्ही सूनबाई का? सांगा हो यांना. मगापासून मेन स्विचला हात लावू देत नाहीत. आधी पाणी, मग चहा, मग म्हणे घरच्यांची चौकशी. माझ्या तिन्ही पोरांची नावं पाठ झाली यांना. मला अजून दोन ठिकाणी जायचंय."

"थांब की रे जरा," सासूबाई आतून म्हणाल्या. "एवढं त्याचं दुपारचं होऊ दे. मग कर काय ते."

"कुणाचं दुपारचं?"

वायरमन विचारत राहिला. सांधेवाली आत गेली. आजारपणानंतर त्या टेबलाशी ती पहिल्यांदाच बसत होती. खुर्ची त्याच्या उंचीला लावलेली, पाय अधांतरी राहत होते. तिने फोल्डर उघडलं. रिकामं. माहीत होतं, तरी तिने ते बंद करून पुन्हा उघडून पाहिलं. पेन ड्राइव्ह लावला, प्रोग्रॅम सुरू केला. पडद्यावरची पट्टी गोगलगायीसारखी सरकू लागली.

सासूबाई पलंगाच्या कडेला येऊन बसल्या. "काय करतेस?"

"आई, त्याच्या आवाजाची फाइल गेलीये. मागच्या अपडेटमध्ये पुसली गेली." ती पट्टीकडेच बघत होती. "माझ्या हातून."

"गेली? आज सकाळीच तर गोळीचं विचारलं."

"गेलीये तरी बोलतोय. प्रोग्रॅमने धरून ठेवलंय म्हणून. मशीन बंद झालं की संपलं."

सासूबाईंनी हे घोळवून पाहिलं. बाईचं शिक्षण बेताचं, पण माणसांची बाकी त्यांच्याकडे कधी चुकत नसे. "म्हणजे नाव नाही, ठिकाण नाही, नुसतं कुणीतरी धरलंय म्हणून आहे."

"हो."

"हं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं असं धरून ठेवायला मलाच जमतं."

तेवढ्यात मशीन बोललं.

"आई, जरा आडवी हो."

इतक्या जवळून तिने तो आवाज वर्षभरात ऐकला नव्हता. नाकातला, शेवटचा शब्द ओढलेला. कानाशी तोंड आणून बोलावं तसा. दारातल्या वायरमनच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर फरशीवर पडला आणि गोल गोल फिरत राहिला. ती खुर्चीत गोठल्यासारखी बसून राहिली. नाव पुसलेलं, जागा पुसलेली, आणि तरीही तो होता, तिच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर, आणि तिच्याबद्दल त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

"होते रे," सासूबाई म्हणाल्या. मग सुनेकडे न बघता म्हणाल्या, "तू रोज जिन्यात थांबतेस. माहीत आहे मला."

तिने पट्टीवरची नजर काढून सासूबाईंकडे पाहिलं.

"चपला वाजतात तुझ्या. वळणापर्यंत येतात आणि थांबतात. मी इथून ऐकते."

"मग तुम्ही त्याला 'नाही अजून' का सांगता, आई?"

"आत नव्हतीस ना? मग खोटं का बोलू त्याच्याशी?"

पट्टी भरली. तिने फाइलचा आकार पाहिला, आतली फाइल आणि बाहेरची प्रत, दोन्ही जुळत होत्या. एकदा वाजवून बघावं असं वाटलं. बोट बटणापर्यंत गेलं आणि परत आलं. तिने पेन ड्राइव्ह काढून मुठीत घेतला.

"झालं, आई."

"आला का बाहेर?"

"आला."

सासूबाईंनी दाराकडे मान केली. "कर रे बाबा तुझं."

वायरमन आता मघासारखा बोलत नव्हता. त्याने बाहेर जाऊन स्विच खाली ओढला. पंखा एकदोन फेरे घेऊन थांबला. मशीनचा हिरवा दिवा गेला, आणि आतली बारीक घरघर, जी इतके दिवस चालू होती की आहे हेच विसरायला झालं होतं, ती थांबली. खोलीत अशी शांतता पसरली की दोघींनीही एकदमच तिकडे पाहिलं.

तासाभराचं काम आहे म्हणणाऱ्याची संध्याकाळ झाली. बोर्डामागची वायरही जळकी निघाली, ती आणायला तो बाजारात गेला. सासूबाईंनी तापवून ठेवलेल्या दुधाचा सुनेने चहा केला, दोघींनी घेतला. उजेड खिडकीतून मागे सरकत गेला. पलंग दिसेनासा झाला, मग टेबलाच्या कडा. भिंतीवरचं सेलवर चालणारं घड्याळ तेवढं टिकटिकत होतं.

सहा वाजायला आले तशी ती पेन ड्राइव्ह मुठीत घेऊन, चपला पायात सरकवून उंबऱ्याशी जाऊन उभी राहिली. का, ते तिला सांगता आलं नसतं. जिना रिकामा होता. वळणावरच्या भिंतीवर, ती रोज पाठ लावायची तिथे, चुना थोडा घासला गेला होता. तिने चपला काढल्या आणि आत आली, खोलीत, टेबलासमोर.

घड्याळाचा काटा सहावर आला. मशीन काळं होतं. त्याची वायर भिंतीतून काढून टेबलावर गुंडाळून ठेवली होती. आवाज झाला नाही. बाहेर कुठेतरी कुणीतरी खिडकी लावून घेतली, एवढंच.

अंधारातून सासूबाई म्हणाल्या, "आली रे."

आणि जरा थांबून, कुणी पुढचं काही विचारल्यासारख्या, "हो, इथेच उभी आहे."

तिने मूठ उघडली नाही.